वेगळ्या चुली, एक कुकर

कुकर दुरुस्तीच्या दुकानात शिवणकामवाल्या मावशींच्या पुढे दोन शेजारणी उभ्या होत्या. मावशींना कान द्यायचा नव्हता, पण दुकानच एवढंसं.

"जावेपासून चूल वेगळी केलीस ना? मग एवढा मोठा कुकर कशाला?"

"खाली तिची डाळ, वर माझा भात. गॅस वाचतो, घासायला भांडी कमी निघतात. भांडणापायी दोन-दोन कुकर कोण घासत बसणार?"

"म्हणजे बोलता?"

"छे. शिट्ट्या झाल्या की जिचं तिनं काढून न्यायचं."

"मग बरं चाललंय."

"चाललं होतं. आता शिट्टी नुसती फुसफुसते, म्हणून हाक मारावी लागते. काल मारली, तर भातात पाणी जास्त झालंय म्हणून मलाच शिकवत बसली."

दुकानदारानं झाकण उलटसुलट करून पाहिलं.

"दांडा ढिला झालाय, ताई. शिट्टीही गेलीय. नवी बसवू?"

"दांडा तेवढा घट्ट करा. शिट्टी राहू दे."