सत्तेचाळीस बैठका, सत्तेचाळीस समेट

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, संस्थेचे विश्वस्त, आमच्या मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावर बसलेली आणि बसून बसून अवघडलेली इतर मान्यवर मंडळी, माझे सहकारी, पालक, आणि वरच्या गॅलरीत आवाज न करता चिप्स खाण्याचा प्रयत्न करणारे माझे विद्यार्थी, तुम्हां सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्याबद्दल आत्तापर्यंत पाच जण बोलले. त्यांनी ज्या बाईंचं वर्णन केलं, त्यांना भेटायला मलाही आवडलं असतं. मग चित्रकलेच्या सरांनी मानपत्र वाचलं. दोन वर्षांत सत्तेचाळीस गोल बैठका, सत्तेचाळीस समेट, आणि गेले चार महिने तक्रारपेटीत एकही चिठ्ठी नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मी खाली मान घालून बसले. तुम्हाला वाटलं असेल, बाई लाजल्या. लाजले नव्हते हो! मला ते ऐकवत नव्हतं.

भाषण मी पंधरा दिवसांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, चार पानं. परवा गुरुवारी ती फाडली. आज जे बोलणार आहे ते अध्यक्षांना आगाऊ सांगितलेलं नाही, त्याबद्दल त्यांनी नंतर मला खुशाल झापावं.

मी या शाळेत एकोणतीस वर्षं भूमिती शिकवली. मुलं मला मागून ‘कंपास’ म्हणतात, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. टोचते म्हणून. वर्गाबाहेर उभं करणं, वहीत शेरा, पालकांना बोलावणं, यात मी कुणाला हार गेले नाही. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका बाईंनी नवी पद्धत आणली. चूक झाली की शिक्षा करायची नाही. ज्यानं केलं, ज्याला भोगावं लागलं आणि ज्यांनी पाहिलं, त्यांना गोलात बसवायचं. काय झालं, कुणाला काय लागलं, आता काय केलं तर भरून येईल, एवढंच विचारायचं. मी तोंडावर म्हटलं होतं, ‘बाई, हे म्हणजे चोराला बसवून चहा पाजणं झालं.’ त्या म्हणाल्या, ‘मग बैठका तुम्हीच घ्या.’

घेतल्या. आणि पाघळले. एका मुलानं दुसऱ्याचा पुठ्ठ्याचा पूल पायाखाली चिरडला होता. बैठकीनंतर आठ दिवस तोच मुलगा शाळा सुटल्यावर बसून नवा पूल करत होता, बोटं डिंकानं चिकटलेली. तेव्हा मला पटलं. आजही पटलेलंच आहे, माझ्या बोलण्याचा भलता अर्थ काढू नका. पद्धत चांगली आहे. त्या पद्धतीला शेपूट मी लावलं.

बैठक संपली की मी म्हणायचे, ‘चला, हात मिळवा.’ मग फोटो. तो मोठा करून कार्यालयासमोरच्या भिंतीवर. शिवाय ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांच्यासाठी मी एक कार्ड करून ठेवलं होतं: ‘मला खेद आहे, माझी चूक मला समजली, पुन्हा असं होणार नाही.’ हे मुख्याध्यापिका बाईंच्या टिपणात कुठेही नव्हतं. ही माझी अक्कल.

आता पुढचं मी एका मुलीची परवानगी घेऊन सांगते आहे. ती आठवीत आहे. चष्म्याचा नंबर एवढा मोठा, की चष्मा काढला तर समोरचा माणूस आहे की खांब, तेही तिला कळत नाही. तिच्याच वर्गातली एक उंच मुलगी मधल्या सुट्टीत तिचा चष्मा काढून घ्यायची आणि म्हणायची, ‘आता वर्ग शोध.’ चार महिन्यांपूर्वी त्या झटापटीत काच फुटली म्हणून आम्हाला कळलं. बैठक झाली. उंच मुलगी रडली, कार्डावरची तीन वाक्यं बोलली. मी म्हटलं, ‘हात मिळवा.’ चष्मेवालीनं हात पुढे केला. फोटो निघाला. त्या फोटोत ती कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघते आहे, कारण चष्मा फुटलेला होता. येणारे-जाणारे पाहुणे थांबून म्हणायचे, ‘किती गोड!’ मीही म्हणायचे.

गुरुवारी दुसऱ्या तासाला तिचे आजोबा आले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. हातात दाखल्याचा अर्ज होता. मी म्हटलं, ‘अहो आजोबा, वर्षाच्या मध्येच? तिचं तर सगळं छान चाललंय.’

ते म्हणाले, ‘बाई, तिचा चष्मा अजून रोज जातो.’

‘जातो म्हणजे? हरवतो?’

‘काढून घेतात. घंटा झाली की परत देतात.’

मी ताडकन उठले. म्हटलं, ‘मग तिनं सांगायचं नाही का? पेटी आहे, मी आहे, मुख्याध्यापिका बाई आहेत!’

आजोबांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, ‘मीपण तिला हेच विचारलं. म्हणाली, आजोबा, सांगितलं तर परत गोलात बसवतील आणि परत तिचा हात धरायला लावतील. त्यापेक्षा चष्मा गेलेला परवडला.’

मंडळी, मी परत खुर्चीत बसले. पुढचा तास माझा होता, मी वर्गावर गेलेच नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. ती रिकामी पेटी, जिचं कौतुक आत्ता मानपत्रात झालं, ती का रिकामी होती ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. मुलं तक्रार करत नव्हती, कारण तक्रारीपेक्षा माझा समेट त्यांना जड जात होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवा हातात धरून मीच उभी होते की!

आणि अजून ऐका. मी तिला पाहिलं होतं. मधल्या सुट्टीत, चष्म्याशिवाय, भिंत चाचपत वर्गाकडे जाताना. एकदा नाही, तीन-चारदा. भिंतीला नवा रंग दिलेला होता. मी तिला काय म्हटलं असेन? म्हटलं, ‘अगं, भिंतीला हात लावू नकोस, डाग पडतात.’ तिनं लगेच हात काढला. हे आठवल्यापासून मला धड जेवण गेलेलं नाही.

त्या दुपारी मी उंच मुलीला बोलावलं. तिला खरोखरच नवल वाटलं. म्हणाली, ‘पण बाई, मी तर सॉरी म्हटलं होतं ना? मग संपलं की ते.’ तेरा वर्षांची पोर. तिला हाकलून द्या असं मी मुळीच म्हणत नाही. तिचं पाठांतर माझंच होतं.

संध्याकाळी मी दुकानावर गेले. मागच्या खोलीत ती गृहपाठ करत होती. मला बघून उठून उभी राहिली. रस्ताभर मी काय काय ठरवलं होतं, आणि तोंडातून आलं, ‘मला खेद आहे, माझी चूक मला समजली...’

ती म्हणाली, ‘बाई, हे कार्डावरचं आहे.’

हसू नका. किंवा हसा, हसण्यासारखंच आहे. मग तिनंच विचारलं, ‘माफ नाही केलं तर चालतं का?’

अध्यक्ष महाराज, सत्तेचाळीस बैठकांत हा प्रश्न मी एकाही मुलाला विचारू दिला नव्हता. मी म्हटलं, ‘चालतं.’ मग म्हटलं, ‘तुला काय हवंय?’ हेही तिला एकटीला पहिल्यांदाच. म्हणाली, ‘फोटो काढून टाका. आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी मोठं माणूस जिन्यापाशी हवं.’

मी उत्साहानं म्हटलं, ‘मी येईन! शनिवारी मी निवृत्त होतेय, सोमवारपासून मोकळीच आहे. रोज येऊन उभी राहीन.’

ती म्हणाली, ‘तुम्ही नका येऊ.’

आजोबांनी ‘अगं’ म्हटलं. मी त्यांना थांबवलं. तिनं सांगितलं, तिला ग्रंथालयातले काका हवेत. का? तर एवढ्या मोठ्या शाळेत त्यांनी एकट्यांनीच तिला एकदा विचारलं होतं, ‘चष्मा कुठे गेला तुझा?’ ती घाबरून ‘घरी राहिला’ म्हणाली होती, ते वेगळं. पण विचारलं होतं.

काल सकाळी मी स्टुलावर चढून तो फोटो उतरवला. मग उरलेले सेहेचाळीसही उतरवले. त्यांतले किती समेट खरे होते? मला माहीत नाही, आणि हेच भयंकर आहे. एकेका मुलाला एकट्याला गाठून, ‘हात मिळवायचा नाही’ हे आधी सांगून, कुणीतरी ते विचारायला हवं. मुख्याध्यापिका बाई, हे काम मी तुमच्या गळ्यात टाकून चालले आहे. दाखल्याचा अर्ज तुमच्या टेबलावर आहे. ती सोमवारी येऊन बघणार आणि मधली सुट्टी संपल्यावर ठरवणार. अध्यक्ष महाराज, मानपत्र तुमच्याकडेच असू द्या. कागद चांगला आहे, मागच्या बाजूला काहीतरी लिहिता येईल.

आणि ग्रंथपाल काका, तुम्ही नेहमीसारखे दाराशी उभे आहात. सोमवारी, मधल्या सुट्टीत, जिन्यापाशी. याल ना? मान हलवून नाही चालणार, मोठ्यानं सांगा... ऐकलंत सगळ्यांनी? येतो म्हणाले.

आभार. मुख्याध्यापिका बाईंचे, कारण त्यांनी काल तासभर माझं ऐकून घेतलं आणि एकदाही ‘जाऊ द्या हो’ म्हणाल्या नाहीत. आजोबांचे, कारण ते थेट कार्यालयात न जाता आधी माझ्याकडे आले. आणि सहकाऱ्यांचे, आज इतकं खोटं इतक्या प्रेमानं बोलल्याबद्दल.

भाषणाच्या शेवटी, काही चुकलंमाकलं असेल तर क्षमा करावी, असं म्हणायची पद्धत आहे. चुकलं आहे. क्षमा मी मागते. पण बाळांनो, वर गॅलरीतल्यांनो, तुमच्यापैकी ज्यांचे हात मी धरून एकमेकांच्या हातात दिले, त्यांनी ती द्यायलाच हवी असं काही नाही.