मेंढी आमची हाय

जानेवारीचा दुसरा रविवार. सकाळी धुकं, दहानंतर लख्ख ऊन.

त्या दिवशी मी आणि पुसेगावचा किसन हिंगोलीला गेलो, कारण आमचे आवडते लेखक वाचकांना भेटायला येणार होते. त्यांच्या अद्भुत कादंबरीमालेचे तिन्ही भाग आम्ही दोघांत एकेकच प्रत घेऊन, आळीपाळीनं वाचलेले. किसनच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या. तिसऱ्या भागात पान एकशे अठरावर तो अडला होता. "हे दुरुस्त होईस्तोवर चौथा भाग हातात धरणार न्हाई," म्हणाला.

लेखकांनी प्रश्न विचारा म्हणताच किसन उठला. मी सदरा ओढला, पण तो बसेना.

"साहेब, तुमची राजकन्या एक आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावती अन् ती गुमान पाजती. काहून पाजंल? लाथ मारंल!"

सभागृह हसलं. लेखकही हसले. "अहो, माझा उडणारा अजगर तुम्हाला पटला, बोलणारा डोंगर पटला, आणि मेंढीच पटली नाही?"

"अजगर तुमचा हाय, कसाबी उडवा. मेंढी आमची हाय."

लेखकांनी खिशातून पेन काढलं. "मग राजकन्येनं काय करायचं?"

"जिचं पिल्लू मेलं, अशी मेंढी पाहायची. त्या पिल्लाचं कातडं ह्या कोकराला पांघरायचं. वास बराबर आला की पाजती."

सप्टेंबरात तिसऱ्या भागाची दुसरी आवृत्ती आणि चौथा भाग एकदमच आले. पान एकशे अठरावर राजकन्या कोकराला कातडं पांघरते, मेंढी वास घेते आणि पाजते. चौथा भाग किसननं चार दिवसांत वाचला.