शेवटची निळी बादली

मेक्सिको सिटीतल्या एका कलादालनात पाणीटंचाईवरचं समूहप्रदर्शन भरलं होतं. इत्सेलनं बुडाला भोकं पाडलेल्या बादल्यांची रांग मांडली होती, आणि जो तो शेवटच्या धड, निळ्या बादलीवर खूश होता. ती ठेवल्याचं इत्सेलला मात्र मुळीच आठवत नव्हतं. मेस्काल दारूच्या रांगेत पुढच्या दोघी बायकांचं बोलणं तिच्या कानावर पडलं.

“चायो, बाजारातून घेतलेली तुझी निळी बादली कुठंय गं?”

“आत, रांगेत लावली.”

“अगं बये, ते प्रदर्शन आहे!”

“मला काय ठाऊक, ऑफेलिया? बादल्यांची रांग दिसली, म्हटलं टँकर येणार. लावला नंबर.”

“जा, उचलून आण.”

“गेले होते. रखवालदार हात लावू देईना.”

“माझी आहे म्हणायचं!”

“म्हटलं की! तर म्हणतो, मावशी, ती सगळ्यांचीच आहे, हीच तर कलाकाराची भावना.”

“आणि तो चष्मेवाला बादलीवर ओणवा होऊन रडतोय कशाला?”

“त्याला तिच्यात आशा दिसली म्हणे.”

“मग आता गं?”

“रडू दे पोटभर. भरली की घरी नेऊ.”