दोनच टर्म, मग दुसऱ्याला जागा

(बेलापूरजवळच्या एका गावात लाऊडस्पीकरची रिक्षा घेऊन पुकारा करणाऱ्या मंदाबाईंनी सांगितलेलं.)

माझं माहेर शेवगावकडचं, कोरडवाहू. आईबाप ऊसतोडीला जायचे, आनि फडात कितीबी गलका असू द्या, आईनं हाक मारली की मी ओ द्यायची ती पार पाटाच्या पल्याड ऐकू जायची, आवाज हा आमच्या घरान्यातलाच, काय सांगू तुमाला. लगीन होऊन इकडं आले. मालकांची रिक्षा, वर दोन कर्णे. जत्रा, हरवलेली म्हैस, पोलिओचा डोस, इलेक्शन, काय बी असू द्या, मालक गावोगाव पुकारायचे. पुढं त्यांचा घसा बसला तो बसलाच, डॉक्टर म्हनले आता बोलायचं न्हाई, तवा मालक नुसती गाडी चालवायला लागले आनि माईक माझ्या हातात आला. पयल्यांदा लोक बघायलाच यायचे, बाई पुकारती, बाई पुकारती म्हनून. आता दुकानात मीठ मागितलं तरी शेजारचा वळून म्हनतो, आज कशाचा पुकारा हाय वो वहिनी.

तर आमच्या गावात एक गुरुजी हायेत, रिटायर झालेले, माझी पोरं त्यांच्याच हाताखाली शिकली. एक दिवस सकाळी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आनि म्हनले, मंदा, खासदार लोक एकदा दिल्लीला गेले की काळ्या केसांचे पांढरे हुत्यात तरी खुर्ची सुटत न्हाई, असा कायदा पायजे की दोन टर्म झाल्या की बास, तिसऱ्यांदा उभंच राहायचं न्हाई, दुसऱ्याला जागा द्यायची. मी म्हनलं, गुरुजी, पन कायदा करनार कोन? म्हनले, खासदारच. मला असं हसू आलं, म्हनलं मांजरानंच आपल्या गळ्यात घंटा बांधायची की वो मग! गुरुजी बी हसले, म्हनले म्हनून तर तुझा आवाज पायजे, गावोगाव लोकांनी म्हनायला लागलं पायजे.

मालकांनी हातानंच खुनावलं, नको, पुढारी लोक काम देनार न्हाईत. मी म्हनलं, अवो, जनमभर दुसऱ्यांचंच पुकारलं, सकाळी एकाचं, दुपारी त्याच्या विरोधकाचं, एकदा आपल्या मनातलं पुकारू द्या की. मालक गेले आनि गाडी चालू केली.

मग काय, आज ह्या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. मी पुकारायची, दोन टर्म दिल्ली, मग घरी आराम करा सायेब! लोक हसायचे, टाळ्या द्यायचे. एका पुढाऱ्याचा मानूस येऊन सांगून बी गेला, वहिनी, औंदा तुमची गाडी प्रचाराला लागायची न्हाई बरं का. घर त्याच्यावरच चालतं, खोटं कशाला बोलू, पन माईक काय सोडला न्हाई.

आनि मग ते बेलापूरच्या बाजारात झालं. गुरुजी रंगात आले हुते, म्हनत हुते एकच मानूस खुर्ची धरून बसला तर नवा मानूस शिकनार कधी. शेजारी आमच्याच गावची पारूआजी भाजी घेऊन बसलेली, ती कोथिंबिरीवर पानी मारता मारता म्हनली, मास्तर, मग जत्रा कमिटीचं अध्यक्षपद तुमी कवापासून धरलंय वो? माझ्या थोरलीच्या लग्नाच्या आदीपासून तुमीच हाय! माईक चालूच हुता, सगळ्या बाजारानं ऐकलं, सगळा बाजार हसला, मी बी हसले, आनि गुरुजींचं तोंड बघून माईक बंद केला.

मग गुरुजी लई दिवस आमच्याकडं फिरकलेच न्हाईत. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. त्यांची मंडळी म्हनली, ह्यांचं जेवनात बी ध्यान न्हाई. गुरुजी झोपाळ्यावर बसलेले, म्हनले, मंदा, खरं सांगू, मला वाटायचं माझ्याबिगर जत्रा नीट व्हायची न्हाई. मी म्हनलं, खासदाराला बी तसंच वाटत असंल की वो. गुरुजी असे हसायला लागले की त्यांची मंडळी भाकरी तव्यावर टाकून भाईर आली.

पुढच्या ग्रामसभेला उभे राहिले आनि सांगून टाकलं, मी अध्यक्षपद सोडतो, हितनं पुढं कमिटीला दोन वर्सांची मुदत, मग दुसरा मानूस. आता करायचं कोनाला? पारूआजीच वरडली, मंदीला करा, तिला माईक तरी मागायला नको! काही बाप्ये कुरकुरले, बाईमानूस जत्रेतल्या कुस्त्यांचा हगामा कसा लावनार. गुरुजी म्हनले, लावंल की, मी काय पोटातनं शिकून आल्तो व्हय?

मलाच केलं अध्यक्ष, आनि हगामा लावला बरं का. गुरुजी खाली लोकांत बसलेले, पन राहवतंय कुठं, दर जोडीला उठायचे काहीतरी सांगायला, आनि त्यांची मंडळी सदऱ्याला धरून खाली बसवायची. खासदार दर्शनाला आले, सत्कार झाला, मी माईकवर म्हनलं, सायेब, आमच्या कमिटीला मुदत लावलीय, तुमी बी दिल्लीत इचार करा. सगळी जत्रा हसली. त्यांनी हात जोडले, म्हनले, बघू बाई, बघू.

अजून बघत्यातच हायेत. कायदा काय झाला न्हाई, माझ्या हयातीत हुतोय का न्हाई कोनाला ठावं. गुरुजी आनि मी अजून बाजार फिरतो, शेजारच्या गावानं बी आपली कमिटी बदलली, तेवढं तर झालं. आता औंदाच्या जत्रेला माझी मुदत संपती. तुमाला म्हनून सांगते, अध्यक्ष म्हनून पालखीपुढं चालायला लई ग्वाड लागतं वो, पाय निघंना असं हुतं, एकच वरीस आनखी मागावं असं बी मनात येतं. पन न्हाई मागायचं. देव खासदाराला सुबुद्धी देवो, आनि जत्रा हुईस्तोवर मला बी.