दोन खडे, दोन लेसर

…नाही, पण तुम्हीच सांगा, मुतखडा माझा, नळी माझी, कळा माझ्या, आणि डॉक्टर मलाच विचारतात, "सर, लेसर कोणता वापरू?" अहो, चौतीस वर्षं मी अकोल्याला कृषी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं, या वाणाची त्या वाणाशी तुलना करण्यात जन्म गेला, तरी साधी चप्पल घ्यायची तर तीन दुकानं फिरून पहिल्यात परत येतो! चूक माझीच असेल म्हणा…

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "होल्मियम! जुना, पारखलेला. खडा फोडतो, तुकडे आपण जाळीनं उचलू." म्हटलं, "तुकडा वर पळाला तर?" "मागे धावू की, सर!" …धावू? माझ्या आत? मग अमरावती गाठली. तिथले म्हणाले, "थुलियम! नवा आहे. खड्याचं पीठ करतो, फारसं पळूही देत नाही." म्हटलं, "नवा म्हणता, मग वीस वर्षांनी काय?" ते माझ्या कागदावरच्या वयाकडे नुसते बघत राहिले. चूक माझीच असेल…

घरी येऊन तक्ता मांडला. अकरा रकाने! बायको, कुंदा, म्हणाली, "तुमाले दुखून राह्यलं ना? मंग रेघा काहून मारून राह्यले?"

आणि तेवढ्यात सोनोग्राफीत उजवीकडे दुसरा खडा निघाला! तुम्हाला सांगतो, लोक रडतात, मला आनंद झाला. दोन खडे, दोन लेसर! डावा अकोल्याला होल्मियमनं, उजवा महिन्याभरानं अमरावतीला थुलियमनं. माणूस तोच, पाणी तेच, कुंदाच्या हातचं जेवण तेच… याहून चोख प्रयोग कोणता? कुंदा म्हणाली, "यायले किडन्या म्हंजे वावर वाटून राह्यलं!"

झालं! डाव्याला पंचेचाळीस मिनिटं, उजव्याला तीस. थुलियम जिंकला! मी फोन करकरून सगळ्यांना कळवलं.

मग देवमन भेटायला आला. विद्यापीठाच्या शेतावर माझे प्रयोग पेरण्यात त्याचं आयुष्य गेलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, डावा खडा कुठं होता?"

"नळीत."

"अन् उजवा?"

"किडनीत."

"मंग एक वाण भारी जमिनीत पेरलं, एक बरडावर, अन् तुमी उतारा मोजून राह्यले? एवढ्यासाठी मले भर वावरात झापलं होतं तुमी!"

चौतीस वर्षं हो, चौतीस वर्षं हेच शिकवलं मी…

असो. आता डावीकडे दुखत नाही, उजवीकडेही नाही. जेवण जातं, दुपारी मस्त डोळा लागतो. फक्त लोक विचारतात, "सर, मग लेसर कोणता चांगला?" मी म्हणतो, चूक माझीच असेल, पण खात्रीनं सांगायचं तर अजून दोन खडे लागतील, आणि तेही एकाच जागी… पण कुंदा तासातासाला पाण्याचा तांब्या पुढ्यात आणून ठेवते आणि रिकामा होईपर्यंत हलत नाही. निष्कर्ष निघूच द्यायचा नाही, असं ठरवलंय तिनं!