सातवं डोकं

न्हाय शरणबसव, हितंच बरी हाय मी – उंबऱ्याच्या बाहेर. वारं लागतंय. तुमी का असं ताटकळत उभारलाय, बसा की पायरीवर. प्यांट मळंल? मळू द्या. आत सहा मेंबर बसलेत, मी सातवी, आन सात झाल्याबगर मीटिंग न्हाय – ठाऊक हाय मला. आज पाचला मुदत संपली की ह्या बंगल्याच्या स्मारक ट्रस्टवर सरकारी प्रशासक बसणार आन तुमचं अध्यक्षपद गेलं – ते बी ठाऊक हाय. म्हणून तर आले. घरी राहिले असते तर तुमचं तोंड कुटं बघायला मिळालं असतं?

हितं बसल्या बसल्याच मोजतो म्हणता? मोजा की. आतल्या सरकारी सायबाला इचारा आदी. इचारलंत? काय म्हणला – दाराबाहेरचं माणूस धरता येत न्हाय? बघा. मग तवा कसं धरलं हो? ह्याच बंगल्यात महाराजांचं कौन्सिल भरायचं, शंभर वर्सं झाली. तुमचे पणजोबा चनबसप्पा सभापती व्हायला उभारलेले, आन मेंबर रुसून घरी बसलेले. डोकी भरंनात. तवा आमच्या पणज्याकडं, भीमाकडं बोट केलं. महाराजांनी आमच्या वस्तीतर्फे नेमलेला मेंबर होता त्यो – पण बसायचा ह्या पायरीवर. आत घ्यायचं न्हाय, मोजायचं मातर आतल्यात. त्येच्या डोक्यावर सभापती झाले तुमचे पणजोबा. म्हणाले, "भीमा, पुढच्या बैठकीला तू आत." मेला तवर पायरीवरच होता.

बसलात? बरं केलं. आता म्हणणार, जुनं कशाला उगाळता – त्या जुन्याचा राग न्हाय हो मला, खोटं कशाला बोलू. आजी सांगायची, कौन्सिलच्या दिवशी भीमा कोट घालून जायचा आन माघारी आला की वस्तीत सांगत फिरायचा – आज मला मोजलं. तेवढ्यावर खूश. माझा राग तुमी परवा केलेल्या कौन्सिलच्या शताब्दीचा हाय. मी आपली नवी साडी नेसून आले, पुढच्या खुर्चीत बसले, तर तुमी माईकवरनं म्हणालात, मुक्ताबाई, पणजोबांच्या जागेवर बसा की, फोटो लई झकास येईल. हितं. ह्या पायरीवर. आन मी बसले – व्हय, बसले. हसले बी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कीर्तीनं, लेकीनं, त्यो फोटो बघितला आन फोन ठेवला – आजून माझा फोन उचलत न्हाय ती. आई, तू हसलीस कशी, एवढंच बोलली. काय सांगू तिला? मलाच कळंना. रात रात डोळा लागत न्हाय, हे तुमाला कशाला सांगतेय मी –

हात नका जोडू. माफी? मग आत चला, माईक घ्या, सगळ्यांपुढं बोला. न्हाय? बसवताना चारचौघात, आन माफी हितं कानात? तसली नको मला. ठेवा तुमच्याजवळ.

वाजले बघा पाच. सायब फाईल बांधाय लागला. उठा आता, वाट सोडा – आत जायचंय मला. बोलून घसा सुकलाय. भीमाला हितं कधी कुणी पाणी दिलं न्हाय. मी आतल्या माठातलं पिणार हाय, माझ्या हातानं. सरका.