बाटलीवरची धवलारीण

— आन आजी बोलू नको मना. मी तुजी आजी नाय. बस तिकडं पलंगावर, त्या खुर्चीचा पाय हालतो. बाटली खाली ठेव आदी, माज्या डोल्यासमोर नाचवत कशाला बसलास — दिसलाय मना, माजाच तोंड हाय, आरशान रोज बघते मी. खाली नाव पन छापलास, ‘गोजरा’. बरा केलास, नायतर लोकांना वाटला असता कोनतरी देवी हाय. तुजा नाव काय बोललास — तेजस. तलोज्याला केमिकलच्या कंपन्यांच्या मधी तुजा कारखाना, आन तिथं तू बियर बनवतोस. आयबापानी इंजिनेर केला तो त्याच्यासाठी. असूंदे, मना काय करायचाय.

कमलाकर आला नाय तो? माजा पोटचा पोरगा, याच शिरवन्याच्या घरान वाढला, आता सीवूड्सला टावरान राहतो, तिथनं इथं यायला किती वेल लागतो — रविवारी त्याच्या पोरीची हलद, माज्या मनस्वीची, आन आईकडं पाठवला कोनाला, तर बियरवाल्याला. ‘आईला सर्प्राइज दे.’ असा बोलला? जाला हो सर्प्राइज. मी कशाची वाट बघते म्हाईत हाय तुना? नारल-सुपारीची. माज्यासारख्या हलदीला गानाऱ्या धवलारनीला असाच कोन फोन करत नाय, घरचा मानूस येतो, नारल-सुपारी हातान ठेवतो, चला बोलतो, मांडवान चला. मंग ती उठते. सख्ख्या पोराच्या घरचा कार्य असला तरी तसाच. आन माज्या हातान काय आला — माज्याच तोंडाची बाटली.

काय छापलास हे मागं, वाचून दाखव. ‘लोकगायिका’? कोन लोकगायिका? अरे, आमच्यान लगीन धवलारीन लावते. भट पाठीमागनं आला. हलदीला ती धवला गाते, आन गाता गाता एकेकाला नाव घेऊन मांडवान बोलवते — गावदेवीला, एकवीरेला, मंग त्या घरची मेलेली मान्सा, कोनी ऱ्हाता कामा नये. ऱ्हायला तर तो उंबऱ्याभायेर उभा ऱ्हातो बिचारा, आन हलद लागून जाते. या गावच्या सगल्या घरांची मेलेली मान्सा माज्या तोंडान हाईत, लिहून नाय ठेवली कुठं. माजा नवरा कोंडिबा पन आता त्या मेलेल्या मान्सांनच आला — मनस्वीला खांद्यावर बसवून खाडीवर नेयाचा, चिंबोऱ्या दाखवायचा, पोरगी घाबरून त्याचे केस उपटायची. त्याला रविवारी बोलवायचा कोनी? डीजेनी?

ओत. ओत म्हनते ना, आनलीस तर चाखते, घाबरते काय मी. — थांब. आदी जमिनीवर थेंब सोडायचा असतो. बोट बुडवून. हे घे रे कोंडिबा, तुज्या नातीच्या हलदीची हाय. तू लादीकडं बघू नको, पुसेन मी नंतर.

काली हाय. उजेडाला धरली तर कडेला लाल दिसते, करवंदासारखी. — हूं. — बोलू नको मधी. मना वाटला कडू लागंल. नाय. भाकरीची कडा करपते ना तव्यावर, ती चव हाय, आन पाठीमागनं काकवी. जड हाय, जिभेवर बसून ऱ्हाते, त्या पिवल्या बियरसारखी पान्यावानी पलत नाय. आन चढेल पन, आता गप बसलीय, उठायला गेला का कलंल. चांगली हाय. काय हसतोस? चांगली हाय म्हनून तर जास्ती राग येतो मना — वाईट असती तर दोन शिव्या घालून हाकलला असता तुना आन मोकली जाले असते.

आनखी थोडी दे. गल्याला बरी वाटते. महिना जाला, थंड पानी पीत नाय मी, लोनचा बंद केला. सांच्याला दार लावून धवला म्हनून बघते हलू हलू, एखादा नाव विसरला तर काय घ्या — शेजारची सत्यभामा खिडकीतनं इचारते, काकी, कोनाशी बोलता? कोनाशी नाय ग. हिरवा लुगडा पन काढून ठेवलाय… तुना कशाला सांगते मी हे. तू जा आन कमलाकरला सांग, लाज वाटूंदे जरा, बायकोचा ऐकून आईचा मान —

काय? बायको नाय? कमलाकर पन नाय बोलला? मंग मना बोलवू नको असा कोन बोलला? — अर्धा गिलू नको, पुरा बोल.

मनस्वी.

काय बोलली ती? तिच्या तोंडचा शब्द सांग, तुजा नको. — आजी गाताना पिते. नवऱ्याकडची मान्सा पुन्याची हाईत. बरा दिसत नाय. — असा बोलली. आन बाटलीवरचा हा फोटो? हा कोनी दिला तुना? — तिनीच.

नाय, रागावले नाय मी. ग्लास उचल तू तो. उचल. म्हंजे बाटलीवरची आजी चालते. ती ग्लासाला हात लावत नाय ना.

लाव हॉलान बाटल्या, सगल्या टेबलांवर लाव, मोजत बसू नको. तोंड आलाय ना तिथं, बस जाला, मी नाय येनार. कमलाकरनी इचारला आई का नाय आली, तर सांग, बोलवायला आला कोन होता? — आन हे बघ, मना कलला ते मनस्वीला सांगू नको. अजिबात नको. तिची हलद हाय, रडलेल्या डोल्यांनी कशाला बसंल ती.

ऊठ आता. दार ओढून घे जाताना.